पंचबोल पॉइंट आणि धडाका न करणारं सुपरसॉनिक

चिखलदऱ्याला पंचबोल पॉइंटवर हाक मारली की दरी पाच वेळा ओ देते म्हणतात. मी मात्र तिथं सेकंद मोजत बसतो! हाक दोन सेकंदांनी परतली, तर कडा साधारण ३४० मीटरवर.

या आवाजालाच मागे टाकायचा नाद अमेरिकेतल्या 'बूम सुपरसॉनिक' या स्टार्टअपला लागलाय. २८ जानेवारी २०२५ ला त्यांचं एकट्या वैमानिकाचं 'एक्सबी-१' विमान मोहावेच्या वाळवंटावर आवाजापेक्षा वेगानं उडालं. आवाजाला मागे टाकलं की मोठा धडाका होतो; गंमत म्हणजे या वेळी खाली जमिनीवर तो ऐकूच आला नाही.

कसं काय? चिखलदऱ्याचा घाट आठवा. वर स्वेटर, खाली परतवाड्यात घामाच्या धारा. उष्ण हवेत आवाज जास्त वेगानं जातो. त्यामुळे वरून येणारी धडाक्याची लाट खालच्या उबदार थरांत वळत वळत पुन्हा वर जाते. वेग माफक असेल तरच हे जमतं; जुन्या कॉन्कॉर्ड विमानासारखं आवाजाच्या दुप्पट वेगानं गेलात तर खिडक्या हादरणारच.

'बूम'चं ६० ते ८० प्रवाशांचं 'ओव्हर्चर' विमान अजून उडायचंय. इकडे आपल्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली, ती पंख्यांच्या एटीआर विमानानं. त्याचा आवाज मात्र भरपूर येतो, बरं का!