शाळेच्या बातम्या कानांसाठी

महाराष्ट्रातल्या शाळांत परिपाठाला प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या असतात. बातम्या बहुधा वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून उतरवलेल्या. वाचणारा घाईत, ऐकणारे कंटाळलेले! मथळा डोळ्यांसाठी लिहिलेला असतो. ऐकणाऱ्याला मात्र मागची ओळ पुन्हा पाहता येत नाही. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. '४ लाख ९८ हजार'ऐवजी 'सुमारे ५ लाख' म्हणावे. अवघड नावे आधी मोठ्याने म्हणून पाहावीत.

पाचांतल्या दोन बातम्या तरी शाळेच्या, गावाच्या असाव्यात. 'शिष्यवृत्तीचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे', यातला वार चुकला, तर एखाद्या मुलीची शिष्यवृत्तीच हुकते. तेव्हा कार्यालयात जाऊन विचारावे, कोणी सांगितले ते वहीत टिपावे. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने वाचावे. चूक झालीच, तर दुसऱ्या दिवशी त्याच माइकवरून, सगळ्यांत आधी दुरुस्ती सांगावी.

शिक्षकांनी बातमी लिहून देऊ नये. फक्त विचारावे, 'हे तुला कोणी सांगितले?' मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी हाच प्रश्न स्वतःला विचारायची सवय मुलांना इथेच लागते.