निगेटिव्ह अहवालाने न शमणारी भीती

एचआयव्हीची चाचणी ही आज उपलब्ध असलेल्या अत्यंत विश्वासार्ह वैद्यकीय चाचण्यांपैकी एक आहे. तरीही योग्य मुदतीनंतर केलेल्या चाचणीचा अहवाल निगेटिव्ह आल्यावरही ज्यांचे समाधान होत नाही, जे प्रयोगशाळा बदलून पुन्हा पुन्हा रक्त देतात आणि प्रत्येक अहवालात चूक राहिली असावी असे मानतात, अशा व्यक्ती गुप्तरोगतज्ज्ञ, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. या व्यक्ती ढोंग करत नाहीत आणि त्यांना होणारा त्रासही खोटा नसतो. मात्र त्या त्रासाचे मूळ विषाणूत नसून आरोग्यचिंतेत, म्हणजे आपल्याला गंभीर आजार जडला आहे या सतत छळणाऱ्या धास्तीत असते.

या धास्तीला आधार मिळतो तो बहुधा ‘विंडो पिरियड’ या संकल्पनेचा. विषाणूने शरीरात प्रवेश केल्यापासून चाचणीत त्याचा माग लागेपर्यंत जो काळ जातो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. जुन्या पद्धतीच्या चाचण्या केवळ प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने शोधत असत. चौथ्या पिढीची चाचणी प्रतिपिंडांबरोबरच पी-२४ हे विषाणूचे स्वतःचे प्रथिनही शोधते, त्यामुळे तिचा निष्कर्ष लवकर मिळतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेल्या चौथ्या पिढीच्या चाचणीत संसर्ग साधारणपणे १८ ते ४५ दिवसांत, तर केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीत २३ ते ९० दिवसांत आढळतो. संशयित प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची प्रतिबंधक औषधे कोणी घेतली असतील, तर चाचणीचे वेळापत्रक बदलते आणि ते डॉक्टरच ठरवून देतात. असे अपवाद नसताना, मुदत उलटल्यानंतर आलेला निगेटिव्ह अहवाल अंतिम मानला जातो आणि त्यानंतर संसर्गाची शक्यता असलेला नवा प्रसंग घडला नसेल, तर तीच चाचणी पुन्हा केल्याने ज्ञानात कोणतीही भर पडत नाही.

चिंताग्रस्त मनाला मात्र ‘साधारणपणे’ हा एकच शब्द पुरेसा असतो. वैद्यकशास्त्र संभाव्यतेच्या भाषेत बोलते, तर या मनाला शंभर टक्के खात्री हवी असते आणि ती कोणतीच चाचणी देऊ शकत नसल्याने संशयाला नेहमीच फट सापडते. त्यात शरीरही साक्ष देऊ लागते: चिंतेमुळे घाम येतो, झोप उडते, जुलाब होतात, भूक मंदावून वजन घटते, आणि नेमकी हीच लक्षणे एचआयव्हीच्या माहितीपत्रकांत वाचलेली असतात. मानेतील किंवा जांघेतील गाठी दिवसातून अनेकदा चाचपल्या की त्या दुखऱ्या होतात आणि तो दुखरेपणाच संसर्गाचा पुरावा वाटू लागतो. मन चिंती ते वैरी न चिंती, याचा प्रत्यय येथे शब्दशः येतो.

ब्रिटिश संशोधक पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ मध्ये या चक्राची जी उकल केली, ती आजही उपचारांचा पाया आहे. त्यांच्या मांडणीनुसार वारंवार मिळणारा दिलासा हाच भीतीला जिवंत ठेवतो. अहवाल हाती येताच धडधड थांबते, पण चिंता आपोआपही ओसरली असती हे शिकण्याची संधी त्या सुटकेमुळे हिरावली जाते. परिणामी काही तासांत किंवा दिवसांत शंका डोके वर काढते आणि सुटकेचा एकमेव ज्ञात मार्ग म्हणून पुढची चाचणी केली जाते.

हे चक्र अनेक आजारांभोवती फिरू शकत असले, तरी एचआयव्हीच्या बाबतीत त्याला लाज आणि अपराधभावनेची जोड मिळते. विवाहबाह्य संबंध, वेश्यागमन किंवा समलिंगी संबंध यांविषयी मनात टोचणी असेल, तर आजार ही शिक्षा वाटते आणि शिक्षा चुकली यावर विश्वास बसत नाही. प्रसंगी संसर्गाचा धोकाच नसलेला साधा स्पर्शही या भीतीला पुरेसा ठरतो. या भीतीला एड्सविषयीच्या प्रचाराचाही हातभार लागला. ब्रिटनमध्ये १९८७ साली थडगे दाखवणाऱ्या सरकारी जाहिराती झळकल्या, तर मुंबईत २००२ च्या अखेरीस ‘बलबीर पाशाला एड्स होईल का?’ असा एका काल्पनिक पात्राविषयी प्रश्न विचारणारे हिंदी फलक लागले. अशा मोहिमांनी लोकांना सावध केले, परंतु एड्स म्हणजे मरण आणि बदनामी हे समीकरणही अशा प्रचारातून ठसत गेले. प्रत्यक्षात भारतात २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे विषाणूला आवर घालणारे औषधोपचार मोफत मिळतात, वेळेवर उपचार घेणारा बाधित माणूस जवळजवळ सामान्य आयुर्मान जगू शकतो आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण सातत्याने अदृश्य पातळीवर राहिल्यास त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. चिंताग्रस्त व्यक्ती ज्या आजाराला भिते, तो बहुधा औषधे येण्यापूर्वीच्या काळातला असतो.

अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात अशा अवस्थेला ‘आजारचिंता विकार’ हे स्वतंत्र स्थान दिले. काही रुग्णांत मात्र ती मंत्रचळेपणाच्या, म्हणजे ओसीडीच्या स्वरूपात दिसते. दोन्हींवर बोधात्मक वर्तनोपचार परिणामकारक ठरतो. त्यात चाचणी पुढे ढकलणे, गाठी न चाचपणे, लक्षणांची माहिती न शोधणे आणि आप्तांना तोच प्रश्न न विचारणे असे टप्पे ठरवून दिले जातात, जेणेकरून अनिश्चितता सोसण्याची सवय लागते. गरज भासल्यास चिंता कमी करणाऱ्या एसएसआरआय गटातील औषधांची जोड दिली जाते. कुटुंबीयांनीही ‘तुला काही झालेले नाही’ असे दिवसातून दहादा सांगण्याऐवजी उपचार घेण्याचा आग्रह धरणे अधिक हिताचे असते.

एचआयव्हीविषयी शंका असल्यास १०९७ आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. मुदतीनंतरचा अहवाल निगेटिव्ह आल्यावरही भीती कायम राहिली, तर पहिल्या क्रमांकाचे काम संपलेले असते. त्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर फोन करणे किंवा मनोविकारतज्ज्ञाला भेटणे, हीच खरी पुढची तपासणी ठरते.