अर्थशास्त्राची पदवी : प्रवेशाच्या अटी आणि अकरावीतला निर्णय

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या जिल्ह्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते, ती म्हणजे 'पुढे काय?' विज्ञान शाखेच्या मुलांसाठी सगळे घर धावपळ करते. कला शाखेकडे वळलेल्या मुलाविषयी मात्र 'तो आर्ट्सला गेला' एवढे बोलून विषय संपविला जातो. त्याच कला शाखेत अर्थशास्त्र हा विषय आहे आणि त्याच्या पदवीपासून विद्यापीठे, बँका, नियोजन व प्रशासन यांच्या वाटा फुटतात, ही माहिती अनेक पालकांपर्यंत पोहोचत नाही. बँकेच्या काउंटरवर शिष्यवृत्तीचे खाते उघडण्यासाठी येणारे पालक व विद्यार्थी याबाबत जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे एका ठिकाणी द्यावीत एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने ते चाळीस टक्केही भरत नाहीत. पण पुढे १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन एम.ए., १९२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. अशी त्यांची वाटचाल झाली. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते याच विषयाचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. शेतीचे दुखणे केवळ तुकडा लहान असण्यात नाही; भांडवल अपुरे आहे आणि शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे, म्हणून उद्योग वाढले पाहिजेत, असे त्यांनी त्यात मांडले. पाथर्डी, जामखेड, कर्जत भागातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पाहिली म्हणजे हा निबंध आजही आपल्याच जिल्ह्याबद्दल आहे असे वाटते.

आपल्या जिल्ह्याचा अर्थशास्त्राशी आणखी एक संबंध आहे. प्रवरा परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. अर्थशास्त्राचा माणूस शेतकऱ्यांच्या कारखान्यात काय करू शकतो, याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही.

पहिली अट : बारावी उत्तीर्ण

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बी.ए. ला प्रवेश घेण्यासाठी बारावी उत्तीर्ण असणे ही मूळ अट आहे. शाखा कोणतीही चालते. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेला विद्यार्थीही बी.ए. ला येऊ शकतो. बारावीला अर्थशास्त्र विषय नसला तरी त्याला दार बंद नाही, मात्र पहिल्या सहामाहीत त्याला थोडे जास्त कष्ट घ्यावे लागतील. बारावीत उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के गुण लागतात, हे सर्वांना माहीत आहे. पण मागणी असलेल्या महाविद्यालयात गुणवत्ता यादी लागते, त्यामुळे ३५ टक्क्यांवर समाधान मानू नये.

बी.ए. साठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, द्यावी लागत नाही. २०२४ पासून बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. या अभ्यासक्रमांना सीईटी लागू झाली, त्यामुळे पुष्कळांचा गोंधळ उडाला आहे. बी.ए. व बी.कॉम. ला ती नाही. महाविद्यालयाचा अर्ज भरावा, यादीत नाव पाहावे आणि मुदतीत शुल्क व कागदपत्रे द्यावीत, अशी सरळ पद्धत आहे.

अर्ज भरताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आहे. तीत एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय व इतर विषय असे श्रेयांक मिळवायचे असतात. तीन वर्षांनी पदवी आणि चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी मिळते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. ज्याला अर्थशास्त्रातच पदवी घ्यायची आहे, त्याने पहिल्या वर्षाच्या विषयांत अर्थशास्त्र घेतलेच पाहिजे. 'मित्राने घेतले म्हणून मीही घेतले' अशा रीतीने विषय निवडले, तर दुसऱ्या वर्षी हात चोळीत बसावे लागते.

नगर शहरात १९४७ साली स्थापन झालेले अहमदनगर कॉलेज व न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेज, तसेच संगमनेर, श्रीरामपूर यांसारख्या तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकण्याची सोय आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या दाखल्यांवर अहमदनगर असे नाव असले, तरी त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्यांना नोकरी वा शेती सांभाळून शिकायचे आहे, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ व इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आहे.

गणिताचा प्रश्न

आपल्या विद्यापीठात बी.ए. अर्थशास्त्रासाठी बारावीला गणित असण्याची सक्ती नाही. पण ही सवलत ऐकून जो विद्यार्थी दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम ठोकतो, त्याच्यासाठी देशातील अनेक नामांकित संस्थांचे दरवाजे सोळाव्या वर्षीच बंद होतात. तेही त्याच्या नकळत.

उदाहरणार्थ, दिल्ली विद्यापीठाचा बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्र हा अभ्यासक्रम पाहा. तेथील प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या देशपातळीवरील परीक्षेतून होतो. अर्थशास्त्रासाठी तिच्यात गणित किंवा उपयोजित गणिताचा पेपर द्यावाच लागतो आणि बारावीला जे विषय होते त्यांतूनच पेपर निवडावे लागतात. म्हणजे अकरावीला गणित घेतले नाही, तर बारावीला नव्वद टक्के मिळवूनही उपयोग नाही. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

मुंबई, कानपूर व खरगपूरच्या आय.आय.टी. मध्येही अर्थशास्त्राची पदवी मिळते. मुंबईत हा अभ्यासक्रम २०१७ मध्ये सुरू झाला. तिथे जाण्यासाठी विज्ञान शाखेतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावे लागते. पुण्याची गोखले संस्था १९३० साली स्थापन झाली असून आता तेथे बी.एस्सी. अर्थशास्त्र शिकविले जाते. बंगळूरला २०१७ मध्ये बाबासाहेबांच्या नावाने अर्थशास्त्राचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले. अशा संस्थांत प्रवेश घ्यायचा, तर बारावीच्या वर्षीच त्यांच्या जाहिराती वाचून अर्ज करावे लागतात. निकालाची वाट पाहत बसलेल्याची मुदत तोपर्यंत निघून गेलेली असते.

म्हणून पालकांना आग्रहाची सूचना अशी, की मुलगा किंवा मुलगी कला वा वाणिज्य शाखेत जात असली, तरी जिथे गणित विषय मिळतो असे कनिष्ठ महाविद्यालय आधी शोधावे. आपल्या राज्य मंडळात कला शाखेलाही गणित घेता येते. अडचण एवढीच, की सर्व महाविद्यालयांत तो शिकविला जात नाही. तेव्हा प्रवेशाच्या पसंतीक्रमातच हा विचार व्हायला हवा.

ज्यांचे गणित सुटून गेले आहे त्यांनी निराश होऊ नये. आपल्या विद्यापीठातून पदवी घेऊन पुढे जाता येते. मात्र पदवीच्या वर्गात मागणी-पुरवठ्याच्या आलेखापासून सांख्यिकीपर्यंत गणित पुन्हा भेटतेच. बालभारतीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. समीकरणे, आलेख, सरासरी व प्रमाण विचलन एवढे भाग सुट्टीत पक्के केले, तरी पुष्कळ भय कमी होते. डॉ. नरेंद्र जाधव यांनी आधी संख्याशास्त्रात बी.एस्सी. केली आणि मग अर्थशास्त्रात एम.ए. व पुढे अमेरिकेतून पीएच.डी. केली. रिझर्व्ह बँकेत काम करून ते २००६ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आकड्यांची बैठक पक्की असली की हा विषय किती दूर नेतो, ते यावरून दिसते.

दाखले वेळेत काढा

गुण असूनही कागदासाठी प्रवेश अडल्याची उदाहरणे दरवर्षी दिसतात. दहावी व बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र हा संच मे महिन्यापूर्वीच तयार ठेवावा. शिक्षणात खंड पडला असेल, तर त्याचे प्रतिज्ञापत्र लागते. बारावी दुसऱ्या मंडळातून झाली असेल, तर स्थलांतर प्रमाणपत्र व विद्यापीठाची पात्रता प्रक्रिया करावी लागते.

बौद्ध कुटुंबांनी एक बाब विशेष लक्षात ठेवावी. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्र सरकारच्या सवलती १९९० च्या कायदा-दुरुस्तीने मिळाल्या. पण राज्याच्या नमुन्यातील दाखला वेगळा व केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा. मुलाला दिल्ली विद्यापीठ, आय.आय.टी. किंवा केंद्रीय विद्यापीठात अर्ज करायचा असेल, तर केंद्राच्या नमुन्यातील दाखला हवा. शाळेच्या नोंदीत नुसते 'बौद्ध' लिहिले असेल, तर दाखला काढताना मूळ जातीचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख मानली जाते. म्हणून आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा किंवा जुना महसुली कागद शोधून जपून ठेवावा. या कामाला महिने लागतात. निकाल लागल्यावर ते सुरू करून भागत नाही. जात पडताळणी प्रमाणपत्रही पुढे व्यावसायिक अभ्यासक्रम, नोकरी यांसाठी लागतेच, तेव्हा तेही काढून ठेवावे.

राज्यात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा राखीव आहेत. पण राखीव जागेचा लाभ ज्याच्या हातात कागद आहे त्यालाच मिळतो.

शिष्यवृत्ती आणि बँक खाते

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे लागते. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत, जिला आपण फ्रीशिप म्हणतो, ती मिळू शकते. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो आणि तो दरवर्षी नव्याने भरावा वा नूतनीकरण करावा लागतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. जेवण, निवास व शैक्षणिक साहित्यासाठी तीतून रक्कम खात्यावर मिळते. खेड्यातून नगरला किंवा पुण्याला राहावे लागणाऱ्या मुलामुलींनी समाज कल्याण कार्यालयात तिची चौकशी जरूर करावी.

आता रोजच्या कामातले थोडे सांगतो. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. एकाच व्यक्तीची दोन-तीन खाती असतील, तर आधारची जोडणी ज्या खात्याशी शेवटची झाली असेल तिथे पैसे जातात. 'पैसे आलेच नाहीत' म्हणून आलेल्या कित्येक मुलांची रक्कम त्यांच्याच दुसऱ्या जुन्या खात्यात पडून असते. दोन वर्षे व्यवहार न केलेले खाते निष्क्रिय होते, तेव्हा ओळखपत्र देऊन ते पुन्हा चालू करून घ्यावे. आधारवरील नाव, गुणपत्रिकेवरील नाव आणि पासबुकावरील नाव एकच असावे. वडिलांच्या नावातील एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडकतो. शाळेत असताना उघडलेले छोटे खाते असेल, तर त्यात वर्षाला एक लाखापर्यंतच जमा होऊ शकते. म्हणून पूर्ण कागदपत्रे देऊन ते नियमित करून घ्यावे. मोठ्या शहरातील संस्थेत प्रवेश मिळाला व खर्च झेपत नसेल, तर शैक्षणिक कर्जाचा मार्ग आहे. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला सर्वसाधारणपणे स्वतःची रक्कम किंवा तारण मागितले जात नाही.

भाषेची भीती

मराठी माध्यमाच्या मुलांना वाटते, अर्थशास्त्र इंग्रजीतच असते. आपल्या विद्यापीठात बी.ए. चे पेपर मराठीत लिहिता येतात. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी मराठीतही प्रसिद्ध होते. प्रथम वर्षापासून ती वाचायची सवय लावावी. परंतु पुढे एम.ए. व स्पर्धा परीक्षांत इंग्रजी ग्रंथांना पर्याय नाही, म्हणून मराठी संज्ञेबरोबर इंग्रजी संज्ञाही वहीत लिहीत जावी. डॉ. सुखदेव थोरात हे अमरावती जिल्ह्यातील खेड्यातून आले आणि बाबासाहेबांनी औरंगाबादेत सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. पुढे अर्थशास्त्रात पीएच.डी. करून ते २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.

पदवीनंतर

बँकेतील लिपिक पदासाठी कोणतीही पदवी चालते. अर्थशास्त्र झालेल्याला तिथे विषयाची थोडी ओळख जास्त असते. परंतु तेवढ्यावर थांबू नये. भारतीय आर्थिक सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. तिला अर्थशास्त्र वा संबंधित विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. वयोमर्यादा २१ ते ३० असून अनुसूचित जातींना पाच वर्षांची सूट आहे. नेट-सेट देऊन प्राध्यापकी, संशोधन संस्था, सहकारी क्षेत्र अशा इतरही वाटा आहेत.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा दहावीचा विद्यार्थी आहे त्यांनी तीन कामे आजच करावीत. अकरावीला गणित कुठे मिळते याची चौकशी करावी, जातीच्या दाखल्याचे कागद गोळा करावेत आणि मुलाच्या खात्याला आधार जोडलेला आहे का हे बँकेत जाऊन पाहावे. गावातील शिकलेल्या तरुणांनी अशा दोन-दोन घरांची जबाबदारी घेतली, तर पुढच्या जून महिन्यात निदान त्या घरांतील प्रवेश कागदासाठी अडणार नाही.