प्लगचा रंग, इंजिनची तब्येत

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या दुचाकी व रिक्षाचालकांसाठी (डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो)

• फिकट तपकिरी किंवा करडा: ज्वलन ठीक.

• कोरडी काळी काजळी: हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. एअर फिल्टर तुंबलेला, चोक ओढलेला, किंवा गाडी फक्त स्टेशन ते घर अशी हळू फिरणारी. प्लगचे टोक सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापले तरच काजळी जळते.

• ओला, तेलकट काळा: ऑइल सिलिंडरमध्ये शिरते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेले. नुसता नवा प्लग बसवून हे थांबत नाही.

• पांढराफटक, फोड आलेला: इंजिन जास्त तापते. पेट्रोल कमी, टायमिंग चुकलेले किंवा चुकीच्या उष्णता-श्रेणीचा प्लग.

• सीएनजी रिक्षा: इंधन स्वच्छ जळते, काजळी कमी धरते, त्यामुळे फिकट रंग म्हणजे बिघाडच असे नाही. ठिणगीला मात्र जास्त व्होल्टेज लागते. ठिणगीची फट (गॅप) वाढली की इंजिन मिसिंग करते.

पुरानंतर: २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली होती. अशा पुरात बुडालेल्या गाडीला किक किंवा सेल्फ मारू नये. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढावे, ऑइल बदलावे.

गॅप: दुचाकीत साधारण ०.६ ते ०.९ मिमी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. प्लग इंजिन थंड झाल्यावरच खोलावा.