उन्हाचा भार हृदयावर

ऊन ‘लागतं’ ते डोक्याला, असा आपला समज. म्हणून टोपी, दुपट्टा आणि विदर्भात खिशात कांदा. कांद्याने अपाय काही नाही. पण एप्रिल-मेमध्ये वॉर्डात येणारे वयस्कर रुग्ण पाहिले, तर उन्हाचा मोठा ताण हृदयावर पडलेला दिसतो.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असतं आणि स्वस्थ बसलेलो असताना हृदय मिनिटाला साधारण तेवढंच रक्त फिरवतं. त्यातलं त्वचेकडे जातं जेमतेम पाव ते अर्धा लिटर. शरीर तापलं की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि आतली उष्णता रक्तावाटे बाहेर आणली जाते. फारच तापलं तर त्वचेकडे मिनिटाला ७-८ लिटर रक्त जाऊ शकतं. एरवी सगळ्या शरीराला पुरतं त्याहून जास्त, एकट्या कातडीला! हे जमवायला आतडी आणि मूत्रपिंडांकडचा पुरवठा कमी होतो, उरलेलं काम हृदयाच्या गळ्यात पडतं.

त्यात घाम. तो येतो रक्तातल्याच पाण्यातून. उन्हात कष्टाचं काम करणारा माणूस तासाला १ लिटर घाम सहज गाळतो. १ लिटर घाम वाळताना जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण तो वाळला तर! मुंबईत, कोकणात तो नुसता टपकतो. पाणीही गेलं आणि उष्णताही अंगातच राहिली.

म्हणजे रक्तवाहिन्या फुलल्यामुळे भांडं मोठं झालं आणि आतलं रक्त मात्र आटलं. हृदयाकडे परत येणारं रक्तच कमी, मग प्रत्येक ठोक्याला ते कमी बाहेर ढकलतं आणि ती तूट ठोके वाढवून भरून काढतं. आता, हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. ठोके वाढले की नेमका तोच विसावा आखूड होतो. तरुण हृदय हे निभावून नेतं. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्यांचं काम वाढतं आणि पुरवठा घटतो. पाणी कमी झालेलं रक्त दाटही होतं, गुठळीला तेवढं निमित्त पुरतं.

गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. रक्तदाबासाठी किंवा पायांवरच्या सुजेसाठी अनेकांना ‘लघवीची गोळी’ चालू असते. ती पाणी बाहेर काढते, घामही तेच करतो. उन्हाळ्यात रक्तदाब तसाही थोडा उतरतो. मग सकाळी अंथरुणातून उठताना चक्कर येते, आजी मोरीत पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. ठोके कमी ठेवणारी गोळी घेणाऱ्यांची नाडी अंग तापलं तरी हवी तितकी वाढत नाही, त्यामुळे नाडीवर विसंबून चालत नाही. यातली कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. मात्र उन्हाळा लागताच एकदा डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही सरसकट नाही. हृदय कमजोर असलेल्यांना पाण्याचं माप ठरवून दिलेलं असतं, ते उन्हाळ्यात किती वाढवायचं हे डॉक्टरांनाच विचारावं.

शरीर उन्हाला सरावतं, ही त्यातली चांगली बाजू. रोज थोडा वेळ उन्हात काम केलं की आठवडा-दोन आठवड्यांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. तेंदूपत्त्याला, वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या कामावर नव्याने आलेल्या मजुराला पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी देणं म्हणूनच धोक्याचं. मुकादमांना हे कोणी सांगत नाही. पहिले चार-पाच दिवस अर्धं काम, सावलीत विसावा आणि मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस, एवढ्याने जीव वाचतात.

वरातीत किंवा रांगेत उभा माणूस कोसळला तर सावलीत आडवं करून पाय उंच करा. बहुतेक जण मिनिटभरात डोळे उघडतात. जो असंबद्ध बोलतो, ज्याला झटके येतात किंवा जो शुद्धीवर येत नाही, त्याला उष्माघात समजा. तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला.