डोंगराआडचा आवाज

गेल्या शिबिरात वायरलेस सेट माझ्या पाठीवर होता. खिंड ओलांडून आमची तुकडी पलीकडे उतरली आणि कंट्रोलशी संपर्क तुटला. एका कॅडेटचा पाय मुरगळला होता. तेवढा निरोप देण्यासाठी मला पुन्हा खिंडीपर्यंत धावत चढावे लागले.

परतल्यावर मी भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले, "सर, आरशाने उन्हाची तिरीप वळवतो, तशी रेडिओलहर डोंगराआड वळवता येणार नाही का?"

"येईल," सर म्हणाले. "पण आधी वाट मोजावी लागेल."

मित्रांनो, अशा 'आरशावर' आज जगभर संशोधन चालू आहे. 3 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी असते 10 सेंमी. तिच्यासाठी 5 सेंमीच्या चौकोनी फरशा 32 रांगांत 32 अशा बसवल्या, तर साधारण 1.6 मीटरचा फलक होतो. त्यात 1024 फरशा. प्रत्येक फरशी परतणारी लहर किंचित पुढे-मागे करू शकते. सगळ्या लहरी ग्राहकापाशी एका कदमात पोहोचल्या, तर एका फरशीच्या तुलनेत शक्ती 1024 गुणिले 1024, म्हणजे दहा लाखांहून अधिक पट होते. कदम चुकले तर सरासरी फक्त 1024 पट.

कोणत्या फरशीने किती थांबायचे, हे कसे ठरवायचे? फरशीला स्वतःला काही ऐकू येत नाही. म्हणून टॉवर आधीच ठरलेला इशारा पाठवतो आणि तो कसा बदलून पोहोचला, हे ग्राहक पाहतो. यालाच चॅनेल एस्टिमेशन म्हणतात. अज्ञात 1024, म्हणून समीकरणेही निदान 1024 हवीत. एकेक फरशी चालू करून मोजले तर तिचा क्षीण आवाज गोंगाटात बुडतो. म्हणून सगळ्या चालू ठेवून दर वेळी त्यांची मांडणी बदलतात.

खरी अडचण वेळेची. एका इशाऱ्याला 10 मायक्रोसेकंद धरले, तर 1024 इशाऱ्यांना सुमारे 10 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ताशी 36 किमी वेगाची जीप 10 सेंमी, म्हणजे अख्खी एक लहर पुढे सरकते. मोजणी संपते तेव्हा मोजलेली वाटच उरलेली नसते!

यावर उपाय आहेत. शेजारच्या 16 फरशांचा एक गट केला की मोजण्या 64 वर येतात. बदल्यात नेमकेपणा थोडा कमी होतो. उघड्या माळावर लहरी मोजक्याच दिशांनी येतात, तिथे 1024 आकड्यांऐवजी त्या दिशाच शोधल्या तरी भागते. शिवाय टॉवर आणि फलक जागचे हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यामधली वाट वारंवार मोजावी लागत नाही.

परेडआधी उस्ताद "दाहिने सज" म्हणतात, तेव्हा ते एकेकाचे बूट मोजत बसत नाहीत. रांगेच्या टोकाला उभे राहून एका नजरेत ओळ पाहतात. आता मला वाटते, डोंगराआडच्या जवानापर्यंत आवाज पोहोचवायला फलक मोठा असून भागणार नाही. अशी झटपट नजरही लागेल.