आडनावातला ‘मेकर’

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दुपारी शिरलं की आधी कानस ऐकू येते, सूर मागाहून. एखादा कारागीर सतारीच्या घोडीचा माथा घासत बसलेला असतो. दोन-चार हात फिरवायचे, तार चढवायची, छेडायची, मान हलवायची, तार उतरवून पुन्हा घासायचं. याला जवारी काढणं म्हणतात. घोडीचा उतार केसभर इकडेतिकडे झाला तर तार एक तर मुकी राहते, नाही तर नुसती करकरते. हे माप पट्टीवर नसतं, कानात असतं.

मान वर करून पाट्या वाचाव्यात. ‘सतारमेकर’ हे इथलं आडनाव आहे. त्यातली ‘सतार’ फारसीतून येऊन मराठीत मुरलेली आणि ‘मेकर’ सरळ साहेबाच्या भाषेतला. आडनाव लावणारी घरं मुसलमान. पोस्टमनला, रेशन दुकानदाराला, कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. ‘पाश्चात्त्य संस्कृतीचा मुस्लिम तरुणांवरील प्रभाव’ अशा विषयावर परिसंवाद झाले की मला ही पाटी आठवते. इथं तो प्रभाव कधीच रेशनकार्डावर चढून बसलाय.

ही घरं मूळची शिकलगारांची. तलवारी-भाल्यांना धार लावायची, पाणी द्यायचं, हा धंदा. इंग्रजांचा अंमल बसला आणि संस्थानांची हत्यारं शोभेला उरली. हातात कसब आणि पुढ्यात काम नाही, अशा वेळी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेला येऊ लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते ह्या वळणाचं फळ. पश्चिमेनं तलवार काढून घेतली आणि ह्यांनी सतार करून दाखवली, असं म्हटलं तर थोडं नाटकी होईल, पण खोटं होणार नाही.

पश्चिम हा शब्दही इथं जरा जपून वापरावा लागतो. मशीद साताऱ्यातली असो की मिरजेतली, तिथं नमाजाला उभा राहणारा माणूस तोंड करतो ते पश्चिमेकडेच, कारण मक्का त्या बाजूला. लंडनही त्याच बाजूला, दुबईही आणि अमेरिकाही. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 30 लाख, सांगलीची 28 लाख. साताऱ्यात शंभरातली पाचेक माणसं मुसलमान, सांगलीत आठ-नऊ. बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी, नदाफ, मोमीन, शिकलगार अशी धंद्यावरून पडलेली आडनावं. ह्यांच्या पोरांकडे आज जे काही पश्चिमेहून येतं, ते एकाच वाऱ्याचं नसतं. एक वारा जीन्स, इंग्रजी, प्री-वेडिंग शूट घेऊन येतो. दुसरा आखातातून अबाया, खजुराचे सजवलेले डबे आणि ‘रमजान म्हणू नका, रमदान म्हणा’ अशा सूचना घेऊन येतो. पहिल्या वाऱ्यावर भाषणं होतात. दुसऱ्याकडे कुणी वारा म्हणून बघत नाही. आणि दोहोंच्या मधे सापडून जे उडून चाललंय, त्याच्याकडे तर कुणाचंच लक्ष नाही.

ते काय, हे मला एका ट्रंकेत दिसलं. मिरजेतल्या एका मित्राकडे गेलो होतो. त्याची आई ट्रंक आवरत होती. आम्ही तिला चाचीच म्हणतो. तळाशी लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघाला. सगळ्यांत जुनी 1974 ची, गुलाबी कागदाची. माथ्यावर 786. खाली अस्सल मराठी मजकूर: वराच्या नावामागे ‘चि.’, वधूच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’, निकाह वधूच्या राहत्या घरी, जेवण तिथंच. वराचं नाव दस्तगीर. त्याच्या मुलाची पत्रिका 1999 ची. तीवर सोनेरी चाँदतारा, मजकूर मराठीच, पण वर देवनागरीत छापलेला उर्दू शेर. मुलाचं नाव नबीलाल. आणि 2023 ची? ती ट्रंकेत असणार कशी. चाचीनं मोबाईल पुढे केला. पियानोच्या सुरांवर फुलं उमलतात, अरबी सुलेखनात बिस्मिल्लाह येते, मग ‘सेव्ह द डेट’, मग नातवाचं नाव, अयान. एका दिवशी वलीमा, दुसऱ्या दिवशी रिसेप्शन. मराठी अक्षर औषधालाही नाही.

पण 786 कुठं गेलं? ते इंग्रजीनं घालवलेलं नाही. ‘हा आकडा धर्मात कुठं सांगितलाय?’ असं नव्या पिढीला कुणीतरी मोबाईलवरच समजावलं, म्हणून ते गेलं. म्हणजे एका पश्चिमेनं ‘चि. सौ. कां.’ पुसलं आणि दुसरीनं 786. दस्तगीर, नबीलाल, मौलाली, बाबालाल ही नावंही तशीच मागे पडली. पीर-वलींवरून ठेवलेली, ह्या मातीत वाढलेली नावं. अयान आणि झोया दुबईत चालतात, टोरोंटोतही चालतात. वाईट वाटून मी चाचीकडे बघितलं, तर तिला त्याचं काहीच नव्हतं. म्हणाली, “अरे, छापखाने में खिळेच मराठी के थे. मराठीच छापते थे. अब मोबाईल में जो है, वोच आता.” संस्कृतीबद्दल मी जे वाचलंय त्यात इतकं सरळ कुणी सांगितलेलं नाही. आणि तिच्या बोलण्यातला तो ‘च’ बघा. दखनीत मराठीचा ‘च’ जसाच्या तसा आहे, ‘नको’चा ‘नक्को’ झालाय. नातू मात्र फोनवर मित्रांशी टीव्हीवरची हिंदी बोलत होता. त्यात ‘च’ नव्हता.

पूर्वी सगळं आबाद होतं, असं मला म्हणायचं नाही. पश्चिमेचं आलेलं इथं नाकारलं जात होतं, असंही नाही. उलट ते घेण्याची एक तऱ्हा होती आणि तिचं उत्तम उदाहरण ह्याच दोन जिल्ह्यांत घडलंय.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर बावीस श्रुतींचं गणित मांडत बसले होते. 1910 मध्ये त्यांनी त्यावर इंग्रजीत पुस्तक काढलं. साताऱ्याला अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंग्रज जिल्हा न्यायाधीश होते, त्यांना आपल्या गाण्याचा नाद लागलेला. गणिताला गळा हवा होता. तो दिला अब्दुल करीम खाँनी. जन्म 1872, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा, पण पुढे मिरजेचेच झालेले खाँसाहेब. ते स्वर लावत आणि देवल मोजत. त्या मापांवर श्रुतींची पेटी विलायतेत बनवून घेतली गेली. एक ब्राह्मण हिशेबी, एक ख्रिस्ती न्यायाधीश, एक मुसलमान गवई, आणि मधे साहेबाच्या देशातून आलेली, पण श्रुती आपल्या वाजवणारी पेटी! 1916 मध्ये बडोद्याच्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली, तिच्यावर भरपूर टीका झाली आणि पेटी मागे पडली. पडेना का. वस्तू आली, तिला खोललं, आपल्या मापानं पुन्हा बसवायला घेतलं, जमलं नाही. जवारी काढताना दहातल्या नऊ वेळा असंच होतं.

खाँसाहेबांना पश्चिमेची धास्ती नव्हती. त्यांनी शाळा काढून गाणं शिकवलं, तिकीट लावून जलसे केले आणि रात्रभराचा पसारा तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बसवला. त्या तबकड्यांत ‘मानापमान’ नाटकातलं मराठी पदही आहे. 1937 मध्ये ते गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि उरुसाला तिथं चिंचेच्या झाडाखाली त्यांच्या आठवणीत गाणं होतं. त्याच उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. कैरान्याचा गळा, युरोपातलं यंत्र, किर्लोस्करी वळणाचं पद, सूफीचा दर्गा. यातलं ‘मुस्लिम’ कुठलं आणि ‘पाश्चात्त्य’ कुठलं, हे वेगळं काढायला बसलात तर घोडीचा भुगा होईल, जवारी निघणार नाही.

आता तसं होत नाही, कारण माल तयार येतो. खोलायला जागाच नसते. हे दोन्ही पश्चिमांना लागू आहे. दादी नऊवारी किंवा पाचवारी नेसायची, डोक्यावर पदर, गळ्यात काळ्या मण्यांची पोत. लांबून बघितलं तर शेजारच्या पाटलीणबाईंपेक्षा निराळी ओळखू यायची नाही. नात सांगलीच्या वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग शिकते, जीन्सवर लांब कुर्ता घालते, पायात स्नीकर्स आणि डोक्याला नीट पिन केलेला हिजाब. पाहुणे यातल्या जीन्सला पाश्चात्त्य म्हणतात आणि हिजाबला इस्लामी. बाजाराला असा भेद माहीत नाही. नायकी कंपनीनं 2017 मध्ये खेळाडू मुलींसाठी हिजाब विकायला काढला. ‘मॉडेस्ट फॅशन’ हे नाव इंग्रजी आणि ते मिरवणाऱ्या कित्येक मुली लंडन-न्यूयॉर्कच्या. मिरजेची मुलगी हिजाबची घडी दादीकडून नाही, व्हिडिओवरून शिकते. दादीचा पदर हेही डोकं झाकणंच होतं, हे मात्र तिच्या ध्यानात येत नाही. आपल्याही येत नाही.

मुलांचंही तेच. कराडच्या जिममध्ये दाढीची चर्चा निघाली की दागेस्तानच्या खबीब नुरमागोमेडोवचं नाव येतं, आणि हा खबीब आपल्याला भेटला तो अमेरिकेतल्या पिंजऱ्यातल्या मारामारीतून. फुटबॉल बघणारा लिव्हरपूलकडून गाजलेल्या मोहम्मद सलाहवर जीव टाकतो. मुफ्ती मेंक हे झिम्बाब्वेचे धर्मोपदेशक, त्यांची इंग्रजी प्रवचनं कानात घालून पोरं कामाला जातात. इंग्रजी शिकली की पोरं धर्मापासून तुटतात, असं जुनी मंडळी म्हणत. घडलं उलटंच. गावच्या मौलानांची उर्दू धड कळत नव्हती, इंग्रजीतून मात्र धर्म कळू लागला. तुटली ती गावच्या मौलानांपासून आणि गावच्या पीरापासून.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे ताबूत हे त्या मधल्या जगाचं सगळ्यांत उंच चिन्ह. शंभर फुटांच्या वर जाणारे, बांबूचे, आणि बांधायची रीत उरफाटी: आधी कळस, मग पाया. खांदा द्यायला हिंदू-मुसलमान दोन्ही. मोहरमला अजूनही तिथं माणूस मावत नाही. पण ‘हे आपलं नाही’ म्हणणारी तरुण पोरं हल्ली दोन्ही बाजूंना भेटतात. एकाला ते शुद्ध इस्लाम वाटत नाही, दुसऱ्याला शुद्ध हिंदू.

पाश्चात्त्य ही शिवीसुद्धा आहे, हे विसरून चालणार नाही. समाजसुधारक हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाकविरुद्ध. तेव्हापासून आजतागायत सुधारणेची मागणी करणाऱ्या मुस्लिम तरुणीला पहिलं उत्तर मिळतं ते ‘हे बाहेरचं खूळ’ असंच. दलवाईंनी 1970 मध्ये संघटना काढली तिचं नाव मात्र मुस्लिम सत्यशोधक मंडळ ठेवलं. नाव जोतिबा फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून घेतलेलं, आणि जोतिबांचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. जोतिबांची शाळा सुटली होती, तेव्हा ‘पोराला पुन्हा घाल’ म्हणून वडील गोविंदरावांच्या मागे लागले ते दोघे: लिजिटसाहेब आणि शेजारचे फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी. 1841 मध्ये जोतिबा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. माळ्याच्या मुलानं इंग्रजी शिकावं, हा आग्रह एका मुन्शीचाही होता. ह्या एका ओळीवर धडा का लिहिला जात नाही, कोण जाणे.

ओळख ठरवायची मुभा पोरांना पुरती असते, असंही नाही. सांगलीकडे मुसलमान पाटील आहेत. त्यातला एक पुण्यात नोकरीला लागला. फोनवर ‘पाटील बोलतोय’ म्हटलं की खोली मिळते, आधारकार्ड दाखवलं की ‘नुकतीच दुसऱ्यांना दिली’. हे तो हसून सांगतो. सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीवर गेला, एक तरुण मारला गेला, आणि सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. ज्या मोबाईलवर पियानो वाजवत पत्रिका येते, त्याच मोबाईलवर हेही येतं. अशा गावातल्या मुलानं दाढी वाढवली किंवा भादरली, तर ती पश्चिमेच्या प्रभावानं की भीतीनं, हे बाहेरून सांगता येत नाही.

सतारमेकर गल्लीत त्या दिवशी वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा परदेशातल्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर सतार दाखवत होता. इंग्रजी तोडकंमोडकं, पण अडत नव्हतं. टीशर्टवर लिव्हरपूल. पलीकडून तारेची जवारी जरा बंद करा, अशी मागणी आली. मुलानं फोन टेकवून ठेवला, घोडी काढली आणि आत आजोबांकडे नेली. आजोबांनी चार हात फिरवले. तार चढली, वाजली. पलीकडचा म्हणाला, फरक कळत नाही. मुलानं फोन जवळ नेला, लांब धरला, स्पीकर लावला, काढला. शेवटी वैतागून आमच्याकडे वळून म्हणाला, “ह्यातनं जवारी जातच नाही हो.”

पार्सल दुसऱ्या दिवशी जाणार होतं.